न्यायाधीशाचा दुसरा अर्ज

१ जून २०२५ रोजी मेक्सिकोतल्या मतदाराच्या हातात एका दमात सहा मतपत्रिका पडल्या, सहा रंगांच्या. जांभळी सर्वोच्च न्यायालयाची, पिवळी जिल्हा न्यायाधीशांची, मधल्या चार आणखी वेगवेगळ्या न्यायपीठांच्या. ज्या राज्यात स्थानिक न्यायाधीशांचीही निवडणूक त्याच दिवशी होती, तिथे त्या पत्रिका वेगळ्या. जांभळ्या पत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. वरच्या चौकोनांत उमेदवारांचे क्रमांक हाताने लिहायचे होते, पाच स्त्रियांचे आणि चार पुरुषांचे. ते क्रमांक शोधायला खाली साठहून अधिक नावांची यादी. नावाजवळ पक्षाचं चिन्ह नाही. कार्यकारी मंडळ, विधिमंडळ की न्यायपालिका, कोणत्या शाखेने नाव पुढे केलं त्याची आद्याक्षरं तेवढी. पक्षांना प्रचारबंदी, रेडिओ-टीव्हीवर जाहिरात विकत घ्यायला बंदी, सरकारी पैसा नाही, देणग्याही नाहीत. उमेदवाराने पदरमोड करून साठ दिवस समाजमाध्यमांवर स्वतःची ओळख करून द्यायची.

कागदावर हे नियम अगदी सोवळे वाटतात. पण मतदाराला उमेदवाराबद्दल काहीच कळणार नाही अशी सोय केली की ती पोकळी कुणीतरी भरतंच. मेक्सिकोत ती भरली घडीच्या चिठ्ठ्यांनी. परीक्षेत बाहीत लपवायच्या कॉपीला तिकडे ‘अकॉर्डियन’ म्हणतात, आणि तेच नाव या चिठ्ठ्यांना पडलं. रंगानुसार कोणत्या चौकोनात कोणता आकडा लिहायचा, एवढंच त्यांवर छापलेलं. सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेले नऊही जण वाटल्या गेलेल्या चिठ्ठ्यांवर होते. मतदान झालं सुमारे १३ टक्के. लोकांनी निवडलेलं न्यायालय असं त्याला म्हणायचं, पण शंभरातले सत्त्याऐंशी लोक घरीच बसले होते.

ही उठाठेव का झाली, त्याचं कारण मात्र खोटं नव्हतं. तिथल्या संघीय न्यायालयांत नातलगांची भरती हा जुना आणि खरा आक्षेप होता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांचे कायदे न्यायालयाने अडवले, हे दुसरं कारण. ते उघड बोललं जात होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये घटनादुरुस्ती झाली. देशभरातल्या सगळ्या जागा एकदम भरणं अशक्य, म्हणून निम्म्या आधी, निम्म्या नंतर असं ठरलं. कुणाच्या जागा आधी, हे ऑक्टोबरात सिनेटमध्ये लॉटरीच्या गोळ्या फिरवून काढण्यात आलं. परीक्षा देऊन, पायरी पायरीने वर आलेल्या न्यायाधीशांनी आपली नोकरी राहते की जाते हे दूरचित्रवाणीवर त्या गोळ्यांकडे बघून कळून घेतलं.

या सगळ्यावर जी टीका झाली ती बहुतेक पहिल्या निवडीवर: लोकांना कायद्यातलं काय कळतं, चिठ्ठ्या कुणी छापल्या, मतदान किती कमी. टीका बरोबर आहे, पण गोम त्याच्या पुढे आहे. न्यायाधीश पहिल्यांदा खुर्चीवर कसा बसला, या प्रश्नाचं सोवळं उत्तर कुठल्याच देशाकडे नाही. राष्ट्राध्यक्षाने नेमला तर त्याचा, संसदेने निवडला तर बहुमताचा, ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सुचवला तर त्यांच्या ओळखीपाळखीचा, मतदारांनी निवडला तर जाहिरातींचा वास लागतोच. पहिला अर्ज कुणाकडे तरी करावा लागतो आणि तो केल्यावर माणूस विसरू शकतो. ज्याला तीच खुर्ची राखण्यासाठी दुसरा अर्ज करायचा आहे, त्याला विसरता येत नाही. न्यायालयाच्या स्वातंत्र्याची मोजपट्टी लावायची तर ती या दुसऱ्या अर्जाला लावावी. मेक्सिकोच्या नव्या व्यवस्थेत तो लिहूनच ठेवला आहे. जिल्हा आणि विभागीय न्यायाधीशांची मुदत नऊ वर्षांची, नंतर पुन्हा निवडणूक. शिवाय पाच सदस्यांचं एक शिस्तपालन न्यायपीठ, तेही निवडून आलेलं, आणि त्याच्या निर्णयावर अपील नाही.

अमेरिकेत हा प्रयोग दोनशे वर्षं जुना होत आला आहे. १८३२ मध्ये मिसिसिपीने आपले सगळे न्यायाधीश निवडणुकीने आणायचं ठरवलं, १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तीच वाट धरली आणि मग ओघच लागला. आज संघीय न्यायाधीश तहहयात नेमले जातात, पण बहुसंख्य राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात न्यायाधीशाला मतदारांसमोर जावं लागतं. पैसा त्यात कसा शिरतो हे समजायला वेस्ट व्हर्जिनियाचं एक प्रकरण बारकाईने बघावं.

२००२ मध्ये तिथल्या ज्यूरीने मॅसी या कोळसा कंपनीला ह्यू केपर्टन या छोट्या खाणमालकाचा धंदा बुडवल्याबद्दल ५ कोटी डॉलरची भरपाई द्यायला लावली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होतं, आणि २००४ मध्ये तिथल्या पाचांपैकी एका न्यायमूर्तीची निवडणूक होती. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या उमेदवाराला कायदेशीर कमाल देणगी दिली: एक हजार डॉलर. नियम तंतोतंत पाळला. मग उरलेले जवळजवळ ३० लाख डॉलर त्यांनी बाहेरून खर्च केले. त्यातला मोठा भाग एका प्रचारगटाला गेला, ज्याच्या नावाचा अर्थ होतो ‘आणि मुलांसाठी’. त्या गटाच्या जाहिरातींत कोळशाचा उल्लेखही नव्हता. विद्यमान न्यायमूर्ती मॅकग्रॉ यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्या एकाला मोकळं सोडलं, एवढंच त्या सांगत होत्या. मॅकग्रॉ हरले. २००७ मध्ये बेंजामिन यांनी खटल्यातून बाजूला व्हायला नकार दिला आणि ३ विरुद्ध २ मतांनी ती भरपाई रद्द झाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने, त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं असं ठरवलं.

पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. प्रकरण परत आलं, बेंजामिन यांच्याविना ऐकलं गेलं आणि केपर्टन पुन्हा हरले. म्हणजे कदाचित पहिला निकालही कायद्याने बरोबरच असेल. पण ते आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आणि बरोबर निकाल देऊनही त्याच्यावर विश्वास बसू नये अशी अवस्था न्यायालयाची दुसरी कोणती वाईट अवस्था असेल?

यावर कुणी म्हणेल, इथे तर पहिल्याच निवडणुकीने घोटाळा केला, दुसऱ्या अर्जाचा संबंध कुठे आला? खरं आहे. पण फरक बघा. पहिल्या निवडीचं ऋण एका पक्षकाराचं असतं, म्हणून त्यावर इलाज आहे: त्या पक्षकाराच्या खटल्यातून बाजूला व्हा. पुढच्या निवडणुकीची धास्ती बोर्डावरच्या प्रत्येक फाईलला चिकटते. कशातून बाजूला होणार?

त्या धास्तीचा माग काढता येतो. पेनसिल्व्हेनियात न्यायाधीश एकदा पक्षाच्या निवडणुकीने येतात आणि मग दर दहा वर्षांनी ‘यांना ठेवायचं का’ एवढ्याच प्रश्नावर मतदान होतं. तिथल्या फौजदारी शिक्षांच्या अभ्यासात, मतदान जवळ येतं तशा शिक्षा लांबत जातात असं दिसलं. गुन्हा तोच, कायदा तोच, न्यायाधीशही तोच. बदललं ते कॅलेंडर. अलाबामात २०१७ पर्यंत एक तरतूद होती, ज्यूरीने जन्मठेप सुचवली तरी न्यायाधीश तिच्यावरून उडी मारून फाशी देऊ शकत असे. ती उडी मारणारे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येणारे होते आणि ‘गुन्हेगारांना दयामाया नाही’ हे प्रचाराचं चलनी वाक्य होतं. सौम्य शिक्षेवर जाहिरात निघते, कडक शिक्षेवर निघत नाही. हे गणित न्यायाधीशाला कुणी शिकवावं लागत नाही.

मिसुरीने १९४० मध्ये मधला मार्ग काढला: समिती नावं सुचवेल, राज्यपाल नेमतील, आणि नंतर ठरावीक काळाने लोकांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. समोर प्रतिस्पर्धी नाही, म्हणून राजकारण नाही, असा हिशोब. बऱ्याच राज्यांनी हे उचललं आणि बहुतेक वेळा ते शांतपणे पारही पडतं. पण १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी फाशीच्या शिक्षा रद्द केल्यावरून घरी गेले. आयोवात ही पद्धत १९६२ पासून होती आणि सर्वोच्च न्यायालयातलं कुणी कधी पडलं नव्हतं. २००९ मध्ये त्या न्यायालयाने एकमताने समलिंगी विवाहावरची बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी ज्या तिघांचा नंबर यादीत होता ते तिघेही पडले. बाकीचे चौघे वाचले, कारण त्यांची पाळी त्या वर्षी नव्हती. निकाल सातांचा, शिक्षा तिघांना. आणि धडा मात्र देशभरातल्या, उद्या तसाच एखादा अप्रिय निकाल द्यावा लागणाऱ्या प्रत्येकाला.

विस्कॉन्सिनचं ताजं उदाहरण दोन ओळींत. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी दोन्ही बाजूंचा मिळून खर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेला. न्यायालयाची एक खुर्ची, एका राज्यापुरती.

निवडणूक नको म्हटलं की लोकशाही नको असा आरोप लगेच येतो. लोकप्रतिनिधींनीच न्यायाधीश निवडावेत आणि तरीही ते स्वतंत्र राहावेत, हे जर्मनीने बऱ्यापैकी साधलं आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयाचे सोळाही न्यायाधीश संसदेची दोन सभागृहं निवडतात. पक्षांची देवाणघेवाण होते, ती लपवलीही जात नाही. पण दोन अटी आहेत. निवड दोन तृतीयांश मतांनी, त्यामुळे विरोधकांना पटेल असाच माणूस पुढे करावा लागतो. आणि मुदत एकच, बारा वर्षांची किंवा वयाच्या ६८ पर्यंत, जे आधी येईल ते. पुन्हा निवड होऊच शकत नाही, त्यामुळे खूश ठेवायला कुणी उरत नाही.

शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये निवड संसदच करते, पण सहा वर्षांसाठी, आणि मग फेरनिवड. न्यायाधीश पक्षाचा सदस्य असतो आणि पगारातला हिस्सा पक्षाला देतो. हे तिथे कुणाला वावगं वाटत नाही, आपल्याला मात्र वाचताना ठसका लागतो. सहसा फेरनिवड सुरळीत होते. २०२० मध्ये इव्ह डोंझालाझ या न्यायाधीशांच्या स्वतःच्याच पक्षाने त्यांना फेरनिवडीत पाठिंबा नाकारला, कारण एका बँकेच्या खातेदारांची माहिती फ्रान्सला देण्याच्या खटल्यासारख्या प्रकरणांत त्यांचं मत पक्षाच्या भूमिकेविरुद्ध पडलं होतं. इतर पक्षांनी त्यांना वाचवलं. स्वातंत्र्य टिकलं, पण विरोधी बाकांच्या मेहरबानीवर. पुढच्या वर्षी न्यायाधीश चिठ्ठी टाकून निवडावेत असा प्रस्ताव सार्वमताला आला आणि मोठ्या फरकाने पडला. जपानमध्ये सर्वोच्च न्यायाधीशांवर सार्वत्रिक निवडणुकीबरोबर लोकमत घेतात. नको असेल त्याच्या नावावर फुली मारायची, कोरं सोडलं तर पसंती समजतात. १९४९ पासून एकही न्यायाधीश पडलेला नाही. ही नुसती औपचारिकता आहे, आणि म्हणूनच निरुपद्रवी.

आपल्याकडे न्यायाधीश लोकांनी निवडावेत अशी मागणी मधूनमधून ऐकू येते, ती बहुतेकदा कॉलेजियमवरच्या, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश सुचवण्याच्या पद्धतीवरच्या, रागातून. राग समजण्यासारखा आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी बंद खोलीत नावं ठरवतात, राज्य सरकार आणि केंद्राकडून ती सर्वोच्च न्यायालयाच्या तिघांपुढे जातात आणि पुन्हा केंद्राकडे. कुणाचं नाव का आलं आणि कुणाचं का गळलं ते बाहेर नीट कळत नाही. कुणाचा मुलगा, कुणाचा ज्युनियर, कोणत्या जातीचे किती, हे प्रश्न बार रूममध्ये रोज विचारले जातात आणि त्यांना धड उत्तर नाही. २०१५ मध्ये कॉलेजियमऐवजी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी रद्द केला, तेव्हापासून सगळी चर्चा ‘नेमणूक कुणी करायची’ या एकाच खुंटीला बांधलेली आहे.

वाद रंगला की रामशास्त्र्यांचं नाव निघतं. पण प्रभुण्यांना नेमलं होतं पेशव्यांनीच. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्यावर, परंपरा सांगते, त्यांनी पुणं सोडलं. त्यांच्यापाशी तेज होतं, मुदतीचं संरक्षण नव्हतं. प्रत्येक दिवाणी न्यायाधीशात रामशास्त्री सापडेल या भरवशावर व्यवस्था उभारता येत नाही, म्हणून तर घटनेने उच्च न्यायालयाला ६२ आणि सर्वोच्च न्यायालयाला ६५ वर्षांपर्यंतची मुदत दिली आणि काढण्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांची भिंत घातली.

त्याच भिंतीला एक मागचं दार आहे: अनुच्छेद २२४. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आजच्या रूपात आलं. काम तात्पुरतं वाढलं किंवा खटले तुंबले तर उच्च न्यायालयात दोन वर्षांपर्यंत ‘अतिरिक्त न्यायाधीश’ नेमता येईल, एवढाच त्याचा हेतू. प्रत्यक्षात खटले कायमच तुंबलेले असल्यामुळे ते परिविक्षेचं, म्हणजे प्रोबेशनचं, दार झालं. नवा न्यायमूर्ती बहुधा आधी ‘अतिरिक्त’ म्हणून येतो आणि दोन वर्षं संपत आली की कायम करण्याचा प्रस्ताव निघतो. त्याचे निकाल वाचले जातात, अहवाल मागवले जातात, कॉलेजियम आणि सरकार दोघंही बघतात. दुसरा अर्ज म्हणतात तो हाच. निवडणूक न घेता आपण आयोवा उभं केलं आहे, फक्त मतदार मोजके आहेत.

आणीबाणीत याचा वापर कसा झाला ते नोंदलेलं आहे. पत्रकार कुलदीप नय्यर यांच्या अटकेविरुद्धच्या याचिकेत सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोघांपैकी एकाची गुवाहाटीला बदली झाली, दुसरे, आर. एन. अगरवाल, अतिरिक्त होते, त्यांना परत सत्र न्यायाधीश केलं गेलं. नागपूर खंडपीठावरच्या उमेश लळीत यांना कायम केलं गेलं नाही. त्यांचे पुत्र पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, पण ते वेगळ्या काळात. १८ मार्च १९८१ रोजी केंद्रीय कायदामंत्र्यांनी अतिरिक्त न्यायाधीशांकडून दुसऱ्या राज्यात जाण्याची संमती आगाऊ घेण्याचं परिपत्रक काढलं. ज्याची मुदत संपत आली आहे त्याला असं पत्र येतं तेव्हा ती विचारणा राहत नाही. त्या परिपत्रकावरून उभं राहिलेलं प्रकरण म्हणजे पहिला न्यायाधीश खटला. गंमत म्हणजे त्यातून नेमणुका कुणाच्या हातात यावर चाळीस वर्षं वाद झाला, आणि ज्या अतिरिक्त पदामुळे तो सुरू झाला ते तसंच राहिलं.

आता एक अवघड उदाहरण. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींनी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली ‘त्वचेचा त्वचेला स्पर्श’ झाला नाही म्हणून लैंगिक हल्ल्याचं कलम लागत नाही असा निकाल दिला. निकाल चुकीचा होता; त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पण त्याच्या आधीच, जानेवारीतच, कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली होती. मुदतवाढ मिळाली ती दोन वर्षांऐवजी एका वर्षाची, आणि ती संपत आल्यावर राजीनामा झाला. त्या निकालावरचा लोकांचा संताप रास्त होता, तो मलाही मान्य आहे. तरीही चुकीच्या निकालावरचा इलाज अपील हा आहे, आणि ते यशस्वीही झालं. न्यायाधीश कुवतीने कमी असेल तर ते ठरवायची लेखी, उत्तर द्यायची संधी देणारी रीत हवी. संतापाच्या आठवड्यात फाईल परत मागवणं ही ती रीत होऊ शकत नाही. आज संताप बरोबर होता. उद्या तो एखाद्या अल्पसंख्याकाला जामीन दिल्याबद्दल असेल आणि यंत्रणा हीच असेल.

निवृत्तीनंतरची पदं हाही दुसरा अर्जच, फक्त उशिरा केलेला. मुंबईचे ज्येष्ठ विधिज्ञ मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पद घेऊ नये असं सुचवलं. त्यानंतर राज्यसभा झाली, राज्यपालपदं झाली. २०२३ मध्ये एक नेमणूक निवृत्तीनंतर जेमतेम सहा आठवड्यांत झाली. ज्यांनी ती घेतली त्यांनी आधी कुणाला झुकतं माप दिलं असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही आणि नाकारताही येत नाही, केपर्टनसारखंच.

सरकारकडून होणारी दिरंगाई तर पहिल्याच अर्जाचा दुसरा अर्ज करून टाकते. वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचवलं. सरकारने समाजमाध्यमांवरच्या मतांवरून हरकत घेतली, जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने नाव पुन्हा पाठवलं, नेमणूक झाली नोव्हेंबरात. यातून वकिलांनी काय शिकावं? न्यायमूर्ती व्हायचं असेल तर चाळिशीपासूनच तोंड मिटून ठेवावं. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला मुदती घालून दिल्या होत्या: गुप्तवार्ता विभागाला ४ ते ६ आठवडे, केंद्राला त्यापुढे ८ ते १२ आठवडे, आणि नाव पुन्हा पाठवल्यास ३ ते ४ आठवड्यांत नेमणूक. मुदत मोडली तर काय, हे मात्र त्यात नाही, आणि ज्या नियमाला दंड नाही तो सल्ला असतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर ९४ पदांपैकी ७१ कायम आणि २३ अतिरिक्त आहेत. तुंबलेले खटले ‘तात्पुरते’ आहेत असं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर की गोवा, कुठल्या खंडपीठातला वकील छातीवर हात ठेवून सांगेल? ती २३ पदं कायम करायला घटनादुरुस्ती लागत नाही; अनुच्छेद २१६ खाली राष्ट्रपतींचा, म्हणजे केंद्र सरकारचा, एक आदेश पुरतो. तोवर जिथे कायम जागा रिकामी आहे तिथे पहिल्याच शिफारशीत ‘अतिरिक्त’ हा शब्द न घालणं कॉलेजियमच्या स्वतःच्या हातात आहे. आणि तो शब्द घालायचाच असेल, तर दोन वर्षांनी काय तपासणार, कोण तपासणार आणि न्यायाधीशाला उत्तर द्यायला किती दिवस मिळणार, हे नेमणुकीच्या दिवशीच्या ठरावात छापलेलं असावं.